सागरकाच वेचण्याची साधने : एक पिशवी आणि एक डबा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा लेखासाठी विचारणा केली, तेव्हा 'शालेय मुलांचा आहार' अथवा 'लसीकरण : समज व गैरसमज' असा एखादा विषय सुचवला जाईल, अशी माझी अटकळ होती. संपादकांनी मात्र माझ्या सुलतान बाजारातील दवाखान्यात, फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवलेल्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवले आणि ते म्हणाले, "डॉक्टर, यंदा याच्यावर लिहा."

त्या बरणीत हिरवे, तपकिरी, पांढरे आणि क्वचित निळे असे धुरकट खडे आहेत. दवाखान्यात येणारी मुले त्यांना हटकून खडीसाखर किंवा गोळ्या समजतात. म्हणूनच बरणीचे झाकण पक्के असून ती आईच्या कडेवरील मुलाच्याही हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर आहे. वस्तुतः त्या फुटक्या बाटल्या आहेत. समुद्राने वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत केलेल्या या काचेला इंग्रजीत सी-ग्लास म्हणतात. मराठीत रूढ शब्द माझ्या ऐकण्यात नाही, तेव्हा या लेखापुरते आपण तिला 'सागरकाच' म्हणू.

ही काच वेचण्यास काय काय साहित्य लागते, हे सांगणे एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे. हैदराबादेतील माणसाने समुद्रावरील साधनांविषयी लिहावे, यात थोडी विसंगती आहे, हे मान्य. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र मच्छलीपट्टणचा किंवा बापटल्याजवळच्या सूर्यलंकेचा. रस्त्याने दोन्ही तीनशे किलोमीटरांहून दूर. परंतु लागणारी एकूण एक वस्तू सुलतान बाजार, कोठी, ट्रूप बाजार आणि बेगम बाजार एवढ्या टापूत पायी फिरून मिळते, आणि ती सारी मी तेथेच घेतलेली आहे.

सागरकाच म्हणजे काय

बाटली फुटते, तिचे तुकडे समुद्रात जातात आणि लाटांबरोबर वाळू व गोट्यांवर घासले जाऊ लागतात. प्रथम धार जाते, मग कोपरे जातात. याच सुमारास पाण्याची रासायनिक क्रियाही चालू असते. काचेतील सोडा व चुना हळूहळू विरघळून पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात आणि काचेला तो धुरकट, हिवाळ्यातल्या खिडकीसारखा पोत येतो. हे काम काही महिन्यांत होत नाही. त्याला दशके लागतात.

म्हणून नुसता वाळूचा किनारा उपयोगाचा नाही. जवळ जुनी वस्ती, बंदर किंवा धक्का हवा आणि किनाऱ्यावर खडक व गोटे हवेत. इंग्लंडमधील सीहॅम येथे १८५३ ते १९२१ पर्यंत बाटल्यांचा मोठा कारखाना होता आणि तेथील टाकाऊ काच समुद्रात जात असे. आज तोच किनारा संग्राहकांची पंढरी झाला आहे. कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग या गावाने १९६७ पर्यंत आपला कचरा समुद्राकाठी टाकला आणि त्याच जागेला आता 'काचेचा किनारा' म्हणून लौकिक लाभला. आपल्याकडे मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि कोकणातील जुन्या बंदरांच्या आसपास अशी काच सापडते.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. तीन पिढ्यांपूर्वी आमचे घराणे निजामाच्या राज्यात येऊन स्थिरावले, तरी कुलदैवताच्या दर्शनास कोकणात जाण्याचा शिरस्ता टिकून आहे. दर्शन आटोपले की समुद्रावर जायचे, हाही त्या शिरस्त्याचाच भाग. माझ्या छंदाचा उगम तेथला आहे आणि या लेखातील साधनांच्या यादीचाही.

यादी कशी सुरू झाली

ही गोष्ट २००३ सालची आहे. माझी कन्या तेव्हा सात वर्षांची होती. ओहोटीच्या वेळी आम्ही उभयता किनाऱ्यावर फिरत होतो. तिने एक पांढरा धुरकट तुकडा उचलला, मला दाखवला, मी कौतुक केले आणि तिने तो मुठीत घट्ट धरून धाव घेतली. दहा-बारा पावलांवर ती पडली.

त्या तुकड्याची एक बाजू समुद्राने उत्तम घासलेली होती. दुसरी बाजू अलीकडेच कुठेतरी आपटून फुटलेली होती आणि तिला वस्तऱ्याची धार होती. मला दाखवताना तिने घासलेली बाजू वर धरली होती आणि मी तुकडा उलटून पाहिला नव्हता.

मी एम.डी. होऊन सात वर्षे झाली होती. त्या क्षणी माझ्याजवळ कॅमेरा होता, शहाळ्यांसाठी सुटे पैसे होते आणि एक रुमाल होता. स्वच्छ पाणी नव्हते, पट्टी नव्हती. तर्जनीच्या मुळाशी खोल जखम होती. रुमालाने दाबून धरून आम्ही तालुक्याच्या गावी पोचलो, तेथे टाके पडले आणि दोन दिवसांनी हैदराबादेस परतलो. पुढे बोट वाकत नसे, तेव्हा दुखते म्हणून ती वाकवत नसावी, अशी मी स्वतःची समजूत घालीत राहिलो. परक्याच्या मुलाला मी पहिल्याच दिवशी बोटाचे एकेक पेर वाकवायला लावून तपासले असते. स्नायुबंध तुटला आहे हे माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे गेले. शस्त्रक्रिया झाली, परंतु उशीर झालेला होता. कन्या आज तिशीच्या उंबरठ्यावर आहे, पुण्यास शिक्षिका आहे, आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी अजूनही पूर्ण मिटत नाही.

तो तुकडा मी जपून ठेवला आहे. त्यावर मिलिलिटरच्या खुणा कोरलेल्या आहेत. ती शिरेतून द्यावयाच्या सलाइनची बाटली होती. आपल्यापैकी कोणत्या तरी व्यवसायबंधूच्या खाटेशेजारी ती कधीकाळी टांगलेली असणार.

म्हणून पुढील यादीत छंदाची हौस आणि वैद्यकाची सावधगिरी यांची सरमिसळ झाली असेल, तर वाचकांनी ती समजून घ्यावी.

पहिले साधन : भिंतीवरचे पंचांग

काच ओहोटीला उघडी पडते. तेव्हा किनाऱ्यावर कोणत्या वेळी जायचे, हा पहिला प्रश्न. कोकणातील मंडळींचा हिशेब सोपा आहे : तिथीचा आकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल त्या तासाच्या सुमारास भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. द्वितीयेस दीड वाजता. भरतीच्या आधी व नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेबात तासाभराचे अंतर पडू शकते, तरी बेत आखण्यास तो पुरेसा आहे.

पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते. मुंबईस उधाणाच्या भरतीची उंची पाच मीटरांच्या आसपास जाते. उधाणाचा जोर नेमका त्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. म्हणजे प्रतिपदा व द्वितीया हे आपले दिवस. त्या दिवशी ओहोटी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास येते, ऊन कोवळे असते आणि तिरप्या उजेडात काच चमकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसे हटत नाही. त्या दिवशी देवदर्शन उरकावे.

यासाठी लागणारे साधन आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले 'कालनिर्णय' सुलतान बाजारातील मराठी घरांतही तितक्याच निष्ठेने टांगले जाते. मात्र पाऊणपटीचा हिशेब पश्चिम किनाऱ्याचा. विशाखापट्टणमला जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. तेथे भारतीय सर्वेक्षण विभागाचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे.

पावसाळ्याचा जोर ओसरल्यानंतरचे दिवस विशेष फलदायी असतात. लाटांनी वाळू ओढून नेलेली असते आणि तळचे गोटे वर आलेले असतात. परंतु नारळी पौर्णिमेपूर्वी खवळलेल्या समुद्राच्या वाटेस जाऊ नये. आणि कोणत्याही ऋतूत समुद्राकडे पाठ करून खाली वाकू नये.

पाय आणि हात

हवाई चप्पल घालून खडकांवर जाऊ नये. शेवाळावर ती घसरते आणि बोटे उघडी राहतात. जाड रबरी तळव्याचे, पुढून बंद असे कॅनव्हासचे बूट घ्यावेत. ते भिजणारच, तेव्हा महाग घेऊ नयेत.

हातमोज्यांच्या बाबतीत आपण डॉक्टर मंडळी हमखास चूक करतो. घरात पेट्या पडलेल्या असतात, म्हणून शस्त्रक्रियेचे पातळ मोजे खिशात टाकतो. ते जंतूंपासून रक्षण करतात, काचेपासून नव्हे. विणलेल्या कापडावर तळहाताच्या बाजूस रबराचा थर दिलेले मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मालाची चढउतार करणारे कामगार ते वापरतात. ते घ्यावेत. मुलांसाठी लहान मापाचे मिळेपर्यंत मुलांनी काच दाखवावी आणि मोठ्यांनी उचलावी.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी गुडघ्याखाली ठेवण्यास फोमचा एक तुकडा न्यावा. माझ्या अनुभवाने कमरेपेक्षा गुडघे आधी तक्रार करतात.

वेचण्याची साधने

बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानातून मी हलवायाचा मोठा, लांब दांड्याचा झारा घेतला. त्याने ओल्या वाळूचा थर उचलला की पाणी व वाळू गळून जाते आणि खडे वर राहतात. दांड्यास पुढे हातभर वेळू बांधून घेतला, त्यामुळे वाकण्याचे श्रम वाचतात. दुकानदाराने तेव्हा विचारले होते, "झारा लेके मछली पकडने जारें क्या डाक्टरसाब?" मी खरे काय ते सांगितले. त्यावर तो अधिकच काळजीने माझ्याकडे पाहू लागला.

झाऱ्यास जोड म्हणून चाळण न्यावी. घरातील गव्हाची चाळण चालते. पण ती परत स्वयंपाकघरात येणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवावे. खडकांच्या फटीत अडकलेल्या तुकड्यासाठी लांब चिमटा लागतो. कोठीतील शल्यसाहित्याच्या दुकानांत मिळणारा स्पंज होल्डिंग फोर्सेप्स या कामास इतका योग्य आहे, की तो यासाठीच निर्माण झाला असावा. फटीत बोट कधीही घालू नये. तेथे खेकडा असतो, समुद्रसाळू असतो, किंवा ज्याच्यामुळे मी हा लेख लिहीत आहे तशी काच असते.

उचललेला प्रत्येक तुकडा उलटून पाहावा आणि त्याच्या सर्व कडांवरून मोज्यातले बोट हलकेच फिरवावे. साधनांच्या यादीत ही कृती बसत नाही, परंतु यादीतील निम्मी साधने ती नीट करता यावी म्हणूनच आहेत.

पाहण्याची साधने

घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट भिंग एक असावे. त्यातून खऱ्या सागरकाचेवर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या, लहानमोठ्या, कशाही विखुरलेल्या चंद्रकोरी दिसतात. यंत्रात फिरवून किंवा आम्लात बुडवून केलेल्या बनावट काचेचा पोत मात्र सगळीकडे सारखा असतो. भिंग नसेल तर बालरोगतज्ज्ञाने आपला ऑटोस्कोप वापरावा. त्यात भिंगही आहे आणि दिवाही. कानाची पुढची नळी तेवढी काढून ठेवावी.

दुसरे साधन म्हणजे जंबुपार किरणांची छोटी विजेरी. नोटा पारखण्यासाठी आपल्या बाजारातील व्यापारी ती गल्ल्याजवळ ठेवतात. ट्रूप बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानी सहज मिळते. विद्यार्थिदशेत त्वचारोग विभागात आपण सर्वांनी वूड्स लॅम्प पाहिलेला आहे. काही जातींच्या बुरशीने झालेली डोक्यावरची गजकर्णे त्या उजेडात हिरवट चमकतात. तेच तत्त्व येथे आहे. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची विजेरी अंधारात काचेवर धरली असता युरेनियम मिसळलेली जुनी काच लख्ख हिरवी उजळते, तर मँगनीज असलेली जुनी काच मंद हिरवी दिसते. एखाद्या लहान तुकड्यातील युरेनियमची मात्रा इतकी अल्प असते, की त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. विजेरी मात्र कुणाच्याही डोळ्यांवर धरू नये, आणि मुलांच्या हाती तर देऊच नये.

तिसरे साधन माहितीचे. रंगावरून बाटलीचे कूळ बरेचसे ओळखता येते. हिरवा रंग लोहाचा : सोडा, सरबत, मद्य. तपकिरी बाटली प्रकाशाने बिघडणाऱ्या द्रव्यांची : बिअर आणि औषधे. गडद निळा कोबाल्टचा, आणि तो बहुधा औषधांच्या बाटल्यांचा. पूर्वी विषारी द्रव्यांच्या निळ्या बाटल्यांवर उभ्या रेघा उठवलेल्या असत, जेणेकरून अंधारात नुसत्या स्पर्शानेही माणूस सावध व्हावा. लाल तुकडा फार दुर्मीळ. मला तो अद्याप लाभलेला नाही. एखादवेळी अगदी वाटोळी काचेची गोटीही मिळते. ती हायरम कॉड यांच्या १८७२ च्या पेटंटातून जगभर पसरलेल्या गोटी-सोड्याच्या बाटलीतली असू शकते.

पांढऱ्या, चपट्या बाटलीचा तुकडा दिसला की मला वडिलांचा दवाखाना आठवतो. तोही याच सुलतान बाजारात होता. रोगी घरून बाटली घेऊन येत. कंपाउंडर मिश्रण भरून बाटलीच्या कडेला कात्रीने कंगोरे कापलेली कागदी पट्टी चिकटवीत. एक कंगोरा म्हणजे एक मात्रा. तीच बाटली धुऊन पुन्हा येई, वर्षानुवर्षे येई. ती फुटली तर घरात बोलणी बसत. स्वदेशी काचेसाठी लोकांनी एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा कारखाना काढला आणि १९१६ साली औंध संस्थानात ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, त्या काळापासून काच ही जपून वापरण्याची वस्तू होती. एकदाच वापरून फेकण्याची बाटली आपल्या पिढीने पाहिली.

ठेवण्याची साधने

आता मुख्य मुद्दा. संग्राहकाच्या खांद्यावर दोन गोष्टी असाव्यात : एक पिशवी आणि एक डबा.

पिशवी जाळीची असावी, कांदे-लसणाची असते तशी. पाणी व वाळू तिच्यातून गळून जाते, ओझे हलके राहते आणि परतताना ती तशीच बादलीत बुडवून धुता येते. समुद्राने ज्या काचेचे काम पुरे केले आहे, ती काच या पिशवीत टाकावी.

डबा जाड, न टोचला जाणारा आणि घट्ट झाकणाचा असावा. समुद्राचे काम अपुरे राहिलेली काच, म्हणजे धारदार तुकडे, ताज्या फुटलेल्या बाटल्यांचे तळ, औषधांच्या कुप्या, सुया, हे सारे या डब्यात घालावे. ते चिमट्यानेच उचलावे. हातमोजे असले तरी सुईला हात लावू नये.

अनेक संग्राहक, आणि त्यात पूर्वीचा मीही आलो, धारदार तुकडा उचलून पाहतात आणि 'अजून तयार नाही' असे म्हणून परत समुद्रात भिरकावतात. त्यात एक रसिकता आहे, हे मी जाणतो. आणखी चाळीस वर्षांनी कुणाला तरी तो तयार मिळेल, असा त्यात भाव असतो. परंतु त्या चाळीस वर्षांत त्याच वाळूवरून किती अनवाणी पाय जातील, याचाही हिशेब करावा. कोळ्यांची मुले त्या किनाऱ्यावर बूट घालून खेळत नाहीत.

हा डबा आपल्याला अपरिचित नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले आणि २०१६ च्या नियमांनी औषधांच्या काचेच्या कुप्या व फुटकी काच यांच्यासाठी निळी खूण ठरवून दिली. २०१८ च्या दुरुस्तीनुसार ती काच निळी खूण असलेल्या, न टोचल्या जाणाऱ्या व न गळणाऱ्या डब्यातच जावी लागते. तो डबा आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात असतो. माझ्या खांद्यावरच्या डब्यावरही मी निळा रंग लावून घेतला आहे. परतताना तो डबा वाटेत उलटा करू नये. हैदराबादेस आणून दवाखान्यातील तशाच डब्याबरोबर कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेच्या स्वाधीन करावा.

जखमेची पेटी

पेटी लहान असावी, पण असावीच. जखम धुण्यासाठी पिण्याच्या स्वच्छ पाण्याची एक वेगळी बाटली ठेवावी. समुद्राचे पाणी खारट आहे म्हणून निर्जंतुक आहे, हा समज घातक आहे. त्यात व्हिब्रिओ कुळातील जंतू असतात आणि यकृताच्या विकाराच्या तसेच मधुमेहाच्या रोग्यांत त्यांचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. गॉझ, रुंद पट्टी, चिकटपट्टी, छोटी कात्री, आणि उन्हासाठी ओ.आर.एस.ची दोन पाकिटे. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी. मोठ्यांना दर दहा वर्षांनी ती लागते आणि मातकट जखम झाल्यास पाच वर्षे उलटली असली तरी पुन्हा द्यावी लागते. आपण मुलांची लसीकरण-पत्रके बारकाईने तपासतो. स्वतःची मात्रा शेवटची कधी घेतली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आणि एक नियम, जो मला तीन आठवडे उशिरा आठवला. हाताला काच लागली, तर जखम कितीही लहान दिसो, प्रत्येक बोटाचे प्रत्येक पेर स्वतंत्रपणे वाकते का आणि शेंड्याला संवेदना आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. आपले मूल असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडून पाहून घ्यावे.

काय उचलू नये

जिवंत शंख उचलू नयेत. कोन जातीच्या शंखाचा दंश विषारी असतो. दगड उलटला तर तो पूर्ववत ठेवावा, कारण त्याखाली कुणाचा तरी संसार असतो. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशा संरक्षित वास्तूंच्या परिसरातून काही उचलू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. आपल्या बरणीपेक्षा तिची जागा अन्यत्र आहे. वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे रात्री विजेरी घेऊन फिरू नये.

घरी आल्यावर काच दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवून रोज पाणी बदलावे, म्हणजे क्षार निघून जातात. चुन्याचा थर असल्यास थोडे व्हिनेगर चालते. प्रत्येक फेरीची काच वेगळ्या बाटलीत ठेवून चिकटपट्टीवर गाव, तारीख व तिथी लिहावी. केस पेपरावर तारीख न घालणारा डॉक्टर आणि नोंद न ठेवणारा संग्राहक, दोघांनाही पुढे पश्चात्ताप होतो. आणि जिथे लहान मूल आहे त्या घरात ही काच उघडी ठेवू नये. सव्वा इंचाहून लहान कोणतीही वाटोळी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते.

शेवटी

गेल्या खेपेस कन्या आमच्याबरोबर कोकणात आली होती. भाद्रपदातली द्वितीया होती, ओहोटी सकाळी साडेसातची. मी पिशवी घेतली, तिने न विचारता डबा घेतला. दोन तासांनी आम्ही दोन्ही वस्तू हातांत धरून पाहिल्या. डबा पिशवीपेक्षा जड होता. त्यात तीन औषधी कुप्या होत्या. तिने त्या चिमट्याने उचलल्या होत्या. तिची तर्जनी मिटत नसल्याने चिमटा ती अंगठा व मधल्या बोटात धरते. मला ते पाहण्याची सवय आहे, तरी मी समुद्राकडे पाहू लागलो. "बाबा, पाठ करू नका म्हणता, आणि स्वतः बघत काय बसलात? चला, पाणी चढतंय," ती म्हणाली.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सहलीसाठी यंदा समुद्राचा विचार चालू असल्याचे कानावर आहे. तो बेत ठरल्यास झारे, चिमटे आणि जाळीच्या पिशव्या मी बेगम बाजारातून आणून देईन. डबे मात्र प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यातून आणावेत.